पहाटे पाचचं पाणी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांमध्ये बॉयलरपासून यंत्रापर्यंत वाफेचा जो पाइप जातो, तो सहसा उघडा नसतो. त्याच्याभोवती काचलोकरीचा जाड थर गुंडाळलेला असतो आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. कारखान्यातला प्रत्येक माणूस याला लॅगिंग म्हणतो, आणि ते कुठे फाटलं, भिजलं, सुटलं तर त्याची दखल घेतली जाते, कारण तिथून जळणाचे पैसे हवेत जात असतात. ओतकामाच्या कारखान्यांत हीच काळजी आणखी कडक. वितळलेला धातू घेण्याआधी लॅडल तापवून घ्यायची, भट्टीचं झाकण विनाकारण उघडं ठेवायचं नाही, मोल्डच्या रायझरला उष्णता धरून ठेवणारी स्लीव्ह बसवायची. ओतण्याआधी धातू थंड पडला तर कास्टिंग वाया जातं, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीत नव्यानं लागलेल्या पोरालाही पहिल्या आठवड्यात कळतं. ही सगळी जाणकार माणसं पाळी संपली की कागलला, कसबा सांगावला, हुपरीला, पट्टणकोडोलीला, कोल्हापूरला आपापल्या घरी जातात. त्यांतल्या कितीतरी घरांच्या स्लॅबवर सोलर आहे, आणि त्या सोलरपासून न्हाणीघरापर्यंत येणारा गरम पाण्याचा पाइप मात्र भिंतीवरून उघडाच उतरलेला असतो. जे ज्ञान कारखान्यात हाताला लागलेलं आहे, ते घराच्या गच्चीवर का चढत नाही, हा मला फार महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

त्याचं एक उत्तर आपल्या सवयीत आहे. बंब असो, चुलीवरचं भांडं असो की गिझर, आपण पिढ्यान्‌पिढ्या पाणी तापवलं ते लागेल तेव्हा. पहाटे शेणी-चिपाडं घातली, बंब पेटवला आणि अर्ध्या तासात आंघोळी सुरू झाल्या. उष्णता साठवण्याची वेळच येत नसे, म्हणून ती राखण्याची विद्या घरगुती पातळीवर तयार झाली नाही. सोलरनं हा क्रम उलटा केला. सूर्य पाणी तापवतो दुपारी आणि आपल्याला ते हवं असतं पहाटे. मध्ये बारा-चौदा तासांचं अंतर, आणि तेही अख्ख्या दिवसातले सर्वांत थंड तास. पाळ्यांवर चालणाऱ्या वस्तीत तर हे अंतर आणखी टोचतं. पहिल्या पाळीला निघणाऱ्याला पाच वाजता बादली लागते, दुसऱ्या पाळीहून परतणारा मध्यरात्रीच्या सुमाराला अंग धुतो, रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन आंघोळ करून झोपतो. तिघांपैकी एकाचीही आंघोळ पाणी सर्वांत गरम असतं त्या चार वाजता नसते. म्हणून सोलर चांगला की वाईट हे दुपारच्या तापमानावरून ठरवणं मला मान्य नाही. त्याची परीक्षा पहाटे पाचला, नळाच्या तोंडाशी व्हायला हवी.

सौर बंबाच्या जन्मापासून हा प्रश्न त्याच्यासोबत आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ नावाचा सौर बंब पेटंट केला. काचेचं झाकण असलेल्या पेटीत पाण्याच्या टाक्या, अशी त्याची रचना होती. दिवसा पाणी छान तापे. पण जी काच दिवसा ऊन आत घेई, तीच रात्री उष्णता बाहेर सोडी, कारण तापवण्याची आणि साठवण्याची जागा एकच होती. १९०९ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी ही दोन कामं वेगळी केली. उन्हात राहील तो पाइपांचा सपाट पेटारा, आणि पाणी साठेल ती टाकी वेगळी, उष्णतारोधक आवरणात, पेटाऱ्यापेक्षा उंचावर. त्यांनी या यंत्राला नावच ‘डे अँड नाइट’ दिलं आणि थोड्याच वर्षांत केम्प यांचा बंब मागे पडला. बेली यांनी ऊन जास्त पकडलं म्हणून ते जिंकले असं नाही. पकडलेलं ऊन त्यांनी सकाळपर्यंत टिकवलं. शंभराहून अधिक वर्षांनी आपण दुकानात जातो तेव्हा पुन्हा किती नळ्या आणि किती लिटर एवढंच विचारतो.

आता थोडा हिशेब, कारण या विषयात अंदाजानं बोलून फार पैसे वाया गेले आहेत. दोनशे लिटरची टाकी घेऊ. संध्याकाळी पाणी ६० अंश, रात्रीची हवा १८ अंश, टाकीभोवती पन्नास मिलिमीटर जाडीचं पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फेस. हा फेस कोरडा आणि सलग भरलेला असेल, तर टाकीच्या सगळ्या भिंतींतून मिळून साधारण ५५ वॅट उष्णता बाहेर पडते. बारा तासांत ती होते पाऊण युनिटाहून कमी, आणि एवढ्यानं दोनशे लिटर पाणी जेमतेम तीन अंशांनी उतरतं. निर्वात नळ्यांमधून जाणारी उष्णता यात मिळवली तरी पहाटे पाणी पन्नासच्या वरच राहायला हवं. आणि तरीही कितीतरी घरांत सकाळी पाणी चाळिशीला टेकलेलं असतं. लोक टाकीला दोष देतात, कुणी तिच्याभोवती गोधड्या आणि ताडपत्री गुंडाळतो. पण आकडे सांगतात की धड बनवलेल्या टाकीच्या भिंतीतून एवढी उष्णता जाऊच शकत नाही. ती गेली असेल तर दुसऱ्या वाटांनी गेली. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जोर देऊन मांडतो: रात्रीची उष्णता वाचवायची तर टाकीला जाड करण्याआधी या वाटा शोधाव्यात आणि बंद कराव्यात.

पहिली वाट पाइपांची. एक इंची उघड्या लोखंडी पाइपात ६० अंशांचं पाणी असेल, तर थंड हवेत त्याचा प्रत्येक मीटर पन्नास वॅटच्या आसपास उष्णता घालवतो. म्हणजे एक मीटर उघडा गरम पाइप आणि पफ लावलेली अख्खी टाकी, दोघांचं नुकसान जवळजवळ सारखं. पाणी स्थिर असेल तर पाइप लवकर थंड होतो आणि नुकसान तिथेच थांबतं, हे खरं. पण टाकीला लागून असलेला पहिला तुकडा तसा थंड होत नाही, विशेषतः तो टाकीतून निघून सरळ वर किंवा आडवा गेला असेल तर. त्या तुकड्यातलं पाणी थंड होऊन परत टाकीत घसरतं, त्याची जागा नवं गरम पाणी घेतं, आणि नळ बंद असूनही हा आतल्या आतला प्रवास रात्रभर चालू राहतो. यावर उपाय साधा आहे. पाइप टाकीतून बाहेर येताच हातभर खाली वळवायचा. गरम पाणी हलकं असल्यामुळे ते त्या वळणाखाली आपणहून उतरत नाही. दुसरं नुकसान पाइपाच्या पोटातलं. एक इंची पाइपाच्या दहा मीटरमध्ये पाच लिटर पाणी मावतं. रात्री भांडी घासायला दोन मिनिटं गरम पाणी सोडलं की नळातून जेवढं येतं, त्याहून जास्त कधी कधी पाइपात अडकून थंड होतं. तासातासानं असं चार-पाच वेळा झालं की वीस-पंचवीस लिटर ऊन असंच गेलं, आणि सकाळी पुन्हा गरम धार येईपर्यंत थंड पाणी मोरीत सोडावं लागतं ते वेगळंच. पाइप बारीक, वाट आखूड आणि वर रबरी फोमचं आवरण, एवढ्यानं हे बरंचसं आटोक्यात येतं. मात्र तो काळा फोम उन्हात तडकतो आणि भुगा होऊन झडतो. त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी किंवा पत्रा हवाच. कोल्हापूरच्या पावसात उघडं राहिलेलं आवरण पाणी पितं, आणि पाणी त्या फोमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं, तेव्हा भिजलेलं लॅगिंग हे नुसतं समाधान असतं. टाकीच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून पफमध्ये पाणी शिरत असेल, तर वरचा सगळा हिशेबही कोसळतो.

दुसरी वाट उलट्या प्रवाहाची, आणि सपाट कलेक्टर असलेल्या घरांत मला ती सर्वांत घातक वाटते. दिवसा कलेक्टरमध्ये तापलेलं पाणी हलकं होऊन टाकीत चढतं, टाकीतलं थंड पाणी खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही, फक्त वजनातला फरक. रात्री हीच साखळी उलटी फिरू शकते. डिसेंबर-जानेवारीत या भागात आकाश निरभ्र असतं, किमान तापमान १४-१५ अंशांच्या आसपास उतरतं, आणि आकाशाकडे तोंड करून पडलेली काच आपली उष्णता त्या मोकळ्या आकाशाला देत हवेपेक्षाही थंड होते. कलेक्टरमधलं पाणी जड होऊन तळाच्या पाइपातून टाकीकडे सरकतं, आणि टाकीतलं गरम पाणी वरच्या पाइपातून कलेक्टरमध्ये येऊन थंड होत राहतं. दिवसभर गोळा केलेलं ऊन तेच यंत्र रात्री परत करतं. हे टाळायचं तर टाकीचा तळ कलेक्टरच्या वरच्या कडेपेक्षा निदान एक फूट उंच हवा, दोन फूट असेल तर उत्तम. नियम जुना आहे आणि बसवणाऱ्यांना माहीतही आहे. तरी तो मोडला जातो, कारण सोलरची टाकी वर उचलली की थंड पाण्याची टाकी त्याहून वर न्यावी लागते, स्टँड वाढतो, खर्च वाढतो. झडप बसवून हे भागेल असं काही जण सुचवतात, पण स्प्रिंगची झडप दिवसाचा तो नाजूक प्रवाहही अडवते. उंचीला स्वस्त पर्याय नाही. हा दोष ओळखणं मात्र सोपं आहे. मध्यरात्री कलेक्टरच्या वरच्या पाइपाला हात लावावा. तो कोमट लागला, तर टाकी खाली बसली आहे.

निर्वात नळ्यांच्या सोलरमध्ये हा धोका कमी, कारण नळीचं खालचं टोक बंद असतं आणि थंड झालेलं जड पाणी तळाशी बसून राहतं. जेम्स ड्यूअर यांनी १८९२ मध्ये बनवलेल्या निर्वात भांड्याचं, म्हणजे आपल्या थर्मासचं, तत्त्वच या दुहेरी काचेत आहे. पण निर्वात आहे तोवरच. नळीच्या तळाशी बेरियमचा चंदेरी पट्टा असतो. आतला निर्वात गेला की तो पांढुरका पडतो. हा पट्टा बहुतेक वेळा स्टँडच्या प्लास्टिक वाटीत लपलेला असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही. भर उन्हात ज्या नळीची बाहेरची काच शेजारणींपेक्षा गरम लागते, तिचा निर्वात गेला असं समजावं. अशी नळी दिवसा कमी तापवते आणि रात्री जास्त घालवते. वीस नळ्यांतल्या दोन-तीन अशा झाल्या तर नळ्या बदलणं हाच उपाय, टाकीवरचं पांघरूण तिथे निरुपयोगी आहे.

तिसरी गोष्ट उष्णता जाण्याची नाहीच, पण लोक तिलाच रात्रीचं नुकसान समजतात, म्हणून तिच्यावर थोडं थांबायला हवं. दोनशे लिटर पाणी संध्याकाळी ६० अंशांवर आहे. रात्री साठ लिटर वापरलं. तेवढंच २० अंशांचं पाणी खालून आत आलं आणि आडव्या, उथळ टाकीत ते सगळीकडे मिसळलं, तर उरलेलं पाणी झालं ४८ अंश. बारा अंश गेले, आणि बाहेर मात्र एक कॅलरीही पडली नाही. थंड पाणी हळू, पसरून, तळाशीच आलं तर वरचा गरम थर बराच टिकतो. त्यासाठी आत येणाऱ्या नळीला छिद्रांची आडवी नळी किंवा अडथळ्याची पट्टी लागते, आणि थंड पाण्याच्या लाइनवर प्रेशर पंप नसावा लागतो. मिक्सर नळांचीही हीच गोष्ट. थंड बाजूला दाब जास्त असेल आणि मिक्सरच्या दोन्ही बाजू उघड्या ठेवून फक्त पुढचा शॉवर बंद केला असेल, तर थंड पाणी गरम लाइनमधून मागे, थेट सोलरच्या टाकीकडे रेटलं जातं. गरम लाइनवर एक एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारी झडप, बसवली की हे थांबतं. शेकडो रुपयांचं काम, आणि त्याऐवजी माणसं हजारोंच्या नव्या नळ्या घेतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की कोल्हापूरच्या हवेत एवढी काळजी कशाला, इथे कुठे बर्फ पडतो. पण पाण्याची उष्णता जाते ती पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकानं. जानेवारीत तो फरक पंचेचाळीस अंश, मे महिन्यातल्या रात्री पस्तीस. सौम्य हवेनं नुकसान चौथाईनं कमी होतं, संपत नाही. दुसरा आक्षेप व्यवहारी आहे: जाऊ दे उष्णता, पाच नळ्या जास्त बसवू. मला हा मार्ग चुकीचा वाटतो. पाणी जेवढं जास्त तापवाल, तेवढा फरक वाढतो आणि तेवढी गळतीही वाढते, म्हणजे वाढवलेल्या उन्हातला मोठा वाटा त्याच उघड्या वाटांनी जातो. शिवाय एप्रिल-मेमध्ये तीच टाकी उकळायला लागते, हवेच्या नळीतून वाफ उडते, आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षार धरतात. (वाफ जाते म्हणून ती हवेची नळी बंद करण्याचा मोह कुणीही धरू नये. ती टाकीची सुरक्षितता आहे.) तिसरा आक्षेप पावसाळ्याचा, आणि तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. जून ते सप्टेंबर ढगाखालच्या या जिल्ह्यात पाणी तापतच नाही, आणि कोमट पाण्याची रात्री फारशी उष्णता जातही नाही. तेव्हा दोष दिवसाचा असतो आणि गिझर लागतोच. पण वर्षाचे उरलेले आठ महिने, आणि त्यातही सर्वांत निकडीचे थंडीचे चार, हे सगळे रात्रीच्या हिशेबात येतात. त्या महिन्यांत दहा अंशांचं नुकसान म्हणजे दोनशे लिटरमागे रोज २.३ युनिट, दोन किलोवॅटचा गिझर एक तासाहून जास्त. आंघोळीच्या भाषेत सांगायचं तर ५५ अंशांच्या दोनशे लिटरमध्ये विसणाचं पाणी मिसळून ४० अंशांचं साडेतीनशे लिटर होतं, ४५ अंशांच्या पाण्यात अडीचशेच. फरक पाच बादल्यांचा, म्हणजे घरातल्या दोन-तीन माणसांच्या आंघोळीचा.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र नवा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या तीन किलोवॅटच्या वीज पॅनेलला ७८,००० रुपयांचं अनुदान ठरलं. मग गच्चीवर पॅनेल लावावेत, त्या विजेवर गिझर नाहीतर हीट पंप चालवावा, पाण्याचा सोलर हवाच कशाला? जागेच्या दृष्टीनं पाण्याचा सोलर अजून पुढे आहे. उन्हाच्या निम्म्याच्या आसपास उष्णता तो पाण्यात उतरवू शकतो, वीज पॅनेल उन्हाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास वीज देतं. पण ही तुलना बाजूला ठेवली तरी माझा मुद्दा ढळत नाही. दिवसाची वीज स्वस्त ठेवण्याकडे धोरणांचा कल आहे, आणि त्या स्वस्त विजेवर दुपारी तापवलेलं पाणीही पहाटेपर्यंत कुठल्यातरी टाकीतच राहणार. हीट पंपाला टाकी आहे, पाइप आहेत, मिक्सर नळ आहेत. उष्णतेचा उगम बदलेल, राखण्याचं काम तेच राहील.

मोजमापाच्या बाबतीत सरकारी धोरणानंही रात्रीला न्याय दिलेला नाही असं मला वाटतं. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर अभियानात २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर कलेक्टर हे उद्दिष्ट होतं. क्षेत्रफळ मोजलं गेलं. त्या क्षेत्रफळातून सकाळी किती गरम पाणी आलं हे त्या आकड्यात दिसू शकत नव्हतं. याउलट साध्या विजेच्या गिझरवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे जे तारे असतात, ते पाणी न वापरता चोवीस तास ठेवल्यावर किती उष्णता जाते यावरच ठरतात. घरात, चार भिंतींच्या आत टांगलेल्या पंधरा-पंचवीस लिटरच्या टाकीला आपण हा प्रश्न विचारतो, आणि गच्चीवर वाऱ्यात उभ्या असलेल्या दोनशे लिटरच्या टाकीला दुकानात सहसा विचारत नाही. ग्राहकानं तो स्वतः विचारावा. संध्याकाळी ६० अंश असलेलं पाणी, रात्री न वापरता, सकाळी सहाला किती अंश असेल, हे विक्रेत्याकडून कागदावर घ्यावं. ज्यांच्याकडे सोलर आधीच आहे त्यांना एक साधा थर्मामीटर आणि दोन रात्री पुरतात: एका रात्री संध्याकाळनंतर थेंबही न वापरता, दुसऱ्या रात्री नेहमीसारखं वापरून. पहिल्या रात्रीही पाणी दहा-बारा अंश उतरलं, तर दोष टाकीत, नळ्यांत, उलट्या प्रवाहात किंवा टाकीजवळच्या पाइपात आहे. फक्त दुसऱ्या रात्रीच उतरलं, तर तो मिसळण्याचा आणि वापराच्या पाइपाचा. टाकीतली विजेची कॉइल या दोन्ही रात्री बंद ठेवावी. एरवीही ती रात्रभर चालू ठेवणं म्हणजे गळतीला वीज पुरवणं आहे. पहाटे उठल्यावर, गरज असेल तरच, ती लावावी.

यातलं बहुतेक काम नंतरही करता येतं, एक सोडून. कागल-हुपरी रस्त्याच्या बाजूला, कोल्हापूरच्या नव्या उपनगरांत जी घरं आता उभी राहत आहेत, त्यांच्यात गरम पाण्याचा पाइप भिंतीत गाडला जातो. विटा फोडून खाच काढली जाते, पाइप बसतो, दाबाची चाचणी होते आणि गिलावा चढतो. त्या खाचेत आवरणासह पाइप बसायचा तर ती अर्धा-पाऊण इंच जास्त रुंद आणि खोल काढावी लागते, आणि हे गवंड्याला आणि प्लंबरला एकाच दिवशी, गिलाव्याच्या आधी सांगावं लागतं. टाकीच्या स्टँडची उंचीही त्याच दिवशी ठरवून घ्यावी.